बारा आणे दुखतंय: आईच्या ऑपरेशनचे नऊ दिवस

आई १० ऑगस्टला गावी परत गेली. वॉकर गाडीच्या डिकीत, माळ गळ्यात. गेले सात आठवडे मी जे काही शिकले ते डोक्यातून निसटायच्या आत लिहून ठेवते आहे. मी आयटीत काम करते, मेडिकलचं मला काही कळत नाही. पण ज्यांचे आईवडील गावाकडचे आहेत आणि हॉस्पिटल मात्र शहरातलं गाठावं लागतं, त्यांना यातलं काहीतरी कामी येईल.

आई ७४ वर्षांची, बार्शी तालुक्यातली. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. बावीस वर्षं पायी वारी केली, मग गुडघे बोलायला लागले तसं चालणं थांबलं. तेव्हापासून दरवर्षी पालखीच्या आधी चार दिवस माझ्याकडे येते आणि हडपसरला गाडीतळावर दर्शन घेते. डायबेटिस आहे, पंधरा वर्षं जुना. ऐकायला थोडं कमी येतं. गळ्यात तुळशीची माळ, घट्ट, दुपदरी.

२०२५ चा २२ जून, रविवार. दोन्ही पालख्या पुण्यातून निघून हडपसरवरून पुढे जाणार होत्या, आणि आईची एकादशीही त्याच दिवशी (कॅलेंडरवर दोन होत्या, शनिवारी स्मार्त आणि रविवारी भागवत; आई भागवत धरते). पहाटे चारला आंघोळीला गेली आणि साडेचारला बाथरूममधून आवाज आला. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि आखूड दिसत होता. तसं दिसलं तर उचलून उभं करायला जाऊ नका, हे नंतर कळलं. आम्ही दोनदा प्रयत्न केला.

१०८ ला फोन लागला, पण सोलापूर रस्ता वाहतुकीला बंद. शेवटी सोसायटीतल्या एकांच्या मोठ्या गाडीत मागची सीट पाडून, आईला चादरीत उचलून, मगरपट्ट्याच्या बाजूनं वळसा घालून एका खासगी हॉस्पिटलात पोचलो. पोचेपर्यंत पावणेसात. वाटेत आईनं एकच प्रश्न तीनदा विचारला, "पालखी किती वाजता यील?"

कॅज्युअल्टीत ५०,००० रुपये डिपॉझिट. एक्स-रे झाला. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं होतं, अर्धा सांधा बदलावा लागणार होता. दाखल करायच्या फॉर्मवर नाव, वय, धर्म, आहार. मी लिहिलं: हिंदू, शाकाहारी. दोन शब्द. त्या दोन शब्दांत आपण सगळं सांगितलं असं मला वाटलं.

पैशांचं एकदाच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्ये येणार नाही. माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईला तीन लाखांचं कव्हर आहे, पण पालकांसाठी २० टक्के को-पे (म्हणजे तेवढा वाटा आपण भरायचा), आणि खोलीभाडं कव्हरच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपयांपर्यंतच. काउंटरवरच्या मुलीनं ४,५०० ची दोन बेडची खोली सुचवली. ती घेतली असती तर नुसते वरचे दीड हजार भरून सुटका झाली नसती. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचे चार्जेस, सगळ्यातून त्याच प्रमाणात कपात झाली असती. सुदैवानं ऑफिसातल्या एकीनं फोनवर सावध केलं. आम्ही तीन बेडची ३,००० वाली घेतली. एकूण बिल २,७४,००० झालं. त्यातले १९,४०० 'नॉन-पेएबल' (हातमोजे, कापूस, डायपर वगैरे), उरलेल्यावर २० टक्के, म्हणजे खिशातून गेले ७०,३२०. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते. आम्हाला पहिल्याला सात तास लागले आणि शेवटच्याला साडेपाच. परिपत्रकाचा उल्लेख करून मेल टाकला की फोन मात्र पटकन येतो.

सोमवारी ऑपरेशन होईल म्हणून रविवारी रात्री बारापासून आईला उपाशी ठेवलं. सोमवारी टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, ऑपरेशनला हरकत नाही असा फिजिशियनचा फिटनेस संध्याकाळी आला, ऑपरेशन मंगळवारवर गेलं. दुपारी तीनला सिस्टर म्हणाल्या, आता खायला द्या. आई म्हणाली, "बारस सोडायची राहिली की." तेव्हा माझ्या लक्षात आलं की रविवारी एकादशी म्हणून तिनं कपभर दूध आणि एक केळं एवढंच घेतलं होतं. धड जेवण शनिवारी रात्री झालेलं. डायबेटिसचं माणूस पावणेदोन दिवस जवळजवळ उपाशी. 'शेवटचं कधी खाल्लं' हे सगळे विचारतात. 'काल उपास होता का' हे कुणी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

त्याच सोमवारी दुखणं मोजायचा प्रसंग झाला. राउंडला आलेले मोठे डॉक्टर मराठीच, पुण्याचे. "आजी, एक ते दहामध्ये किती वेदना आहेत?" आई म्हणाली, "बरं हाय." त्यांनी फाइलवर दोन लिहिलं. इकडे आई रात्रभर दात आवळून पडलेली मी बघितली होती. संध्याकाळी रेसिडेंट डॉक्टर आला, पंचविशीतला, बीडकडचा. त्यानं स्टूल ओढलं, कानाजवळ जाऊन विचारलं, "आजी, रुपयातलं किती आणे दुखतंय?"

आई लगेच म्हणाली, "बारा आणे. हालिवलं की सोळा."

"ठणका हाय का कळ येतीय?"

"ठणका बसल्याजागी. कळ येती ती येगळी, पार टाचंपतुर."

त्यानं हसून सलाइनमधून औषध वाढवलं. त्या रात्री आई चार तास झोपली. मला त्याचा हेवा वाटला, खरं सांगते. पन्नास वर्षं आईची मुलगी असून मला आणे सुचले नव्हते.

मंगळवारी सकाळी साडेसहाला ऑपरेशनची तयारी करायला एक वॉर्डबॉय मामा आले, हातात रेझर. आईनं पांघरूण दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. तोंडातून शब्द नाही. मामा बिचारे चांगले होते, "आजी, दोन मिनिटांचं काम" म्हणत राहिले. मी बाहेर जाऊन सिस्टरला सांगितलं, मावशींना पाठवा. तर म्हणे आत्ता शिफ्ट बदलतेय, थांबावं लागेल. थांबलो, पंचवीस मिनिटं. थिएटरला त्यानं काही उशीर झाला नाही. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले, तेव्हापासून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि पुरुष डॉक्टर स्त्रीची तपासणी करत असतील तर दुसरी स्त्री हजर असणं हा त्यात लिहिलेला हक्क आहे. आमच्या मजल्यावर ती सनद लिफ्टच्या शेजारी होती, मोठ्या कुंडीमागं. संमतीपत्रही इंग्रजीत पुढं केलं होतं. "मराठीत आहे का?" एवढं विचारल्यावर कपाटातून मराठी निघालं. तयार होतं, छापलेलं. फक्त मागावं लागलं.

मग माळ.

भूल देणाऱ्या डॉक्टर बाई आल्या आणि म्हणाल्या, गळ्यातलं काढा. आई म्हणाली, "ती न्हाई निघत." बाईंना वाटलं ती घट्ट आहे म्हणून निघत नाही. त्यांनी कात्री मागवली. मी मध्ये पडले. मी काही फार भाविक नाही, पण माळेला कात्री लावणं मलाही बघवलं नसतं. बाईंना सांगितलं, ही वारकऱ्याची माळ आहे. त्यांनी कात्री परत पाठवली आणि खाटेवर बसून आईला कारण सांगितलं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भागच बधिर करणार, पण मध्येच श्वासाला अडचण आली तर गळ्याशी पटकन पोचावं लागतं, तिथं काही नको. आईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी काडली तर चालंल न्हवं? तुमी नका हात लावू." मी अंबाडा सोडला, केस मागं धरले. तिनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटत, एकेक पदर कानावरून सोडवत, माळ काढली. मला म्हणाली, "भुईला टेकवू नगं." मी स्वच्छ रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

ऑपरेशन सव्वाअकराला सुरू झालं आणि पाऊणच्या सुमाराला संपलं, नीट झालं. एक रात्र एचडीयूत (आयसीयूच्या खालोखाल देखरेख असते त्या विभागात) ठेवणार होते, तिथं नातेवाइकांना थांबू देत नाहीत. चष्मा आणि कानातलं मशीन मी त्यांच्याकडं देऊन आले, कारण रेसिडेंटनं बजावलं होतं की म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशननंतर रात्री भ्रम होऊ शकतो, दिसलं-ऐकू आलं नाही तर जास्तच. रात्री नऊला घरी गेले. दोन दिवसांनी प्रथमच गादीवर आडवी झाले.

बुधवारी सकाळी आठ चाळीसला फोन. "पेशंट खात नाहीयेत. शुगर ५८ झालीय. तुम्ही या."

सकाळचं इन्सुलिन देऊन झालं होतं आणि नाश्ता आल्यावर आईनं ट्रे सरकवला होता. चहा नको, उपमा नको, बिस्कीट नको. का, तर मान हलवायची. शेवटी शिरेतून ग्लुकोज दिलं. मी पोचले तेव्हा शुगर वर आली होती, पण फाइलमध्ये 'नॉन-कोऑपरेटिव्ह' असं लिहिलं होतं, आणि मनोविकारतज्ज्ञांचं मत घ्यावं असंही. सकाळच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का? सुनेशी वगैरे?"

मी आईजवळ गेले. ती शुद्धीत होती, अगदी स्वच्छ. तिनं उजवा हात उचलून गळ्याशी नेला आणि माझ्याकडे बघितलं.

माळ गळ्यात नसताना वारकरी अन्न घेत नाहीत. माळ तुटली तर पुन्हा ओवून घालेपर्यंत उपाशी राहतात. हे मला ठाऊक होतं! लहानपणी शेतात आजीची माळ तुटली तेव्हा गहू वाळत घालायचं सोडून सगळे मणी शोधत होतो, तोवर आजी पाणी पिऊन बसून होती. आणि तीच गोष्ट पर्समध्ये घालून मी घरी जाऊन झोपले होते. आईनं कुणाला सांगितलं का नाही? नंतर विचारलं तर म्हणाली, "कुणाला सांगू? एक हिंदीत बोलतीया, एक पळतीया." शिवाय माळ माझ्याकडं आहे, मी येणार आहे, मग घालणार आहे, त्यात सांगण्यासारखं तिला काही वाटलंच नव्हतं.

माळ घातली. अर्धा कप चहा प्यायली, मग उपमा, गार झालेला.

ड्युटीवरच्या सिस्टर केरळच्या होत्या. हिंदी बरं, मराठी मोडकंतोडकं. त्यांनी मला बाजूला घेऊन सगळं विचारलं. माळ म्हणजे काय, काढली तर काय, आणखी काय काय आहे. मग फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहिलं आणि मनोविकारतज्ज्ञांची ओळ डॉक्टरांकडून खोडून घेतली. मला म्हणाल्या, "आप एक पेपर बनाओ, बेड पे लगाते हैं."

बनवला. हा भाग कुणाला उचलायचा असेल तर जरूर उचला, खर्च झेरॉक्सचे सहा रुपये. एका पानावर मराठीत आणि खाली हिंदी-इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत: डाव्या कानाशी बोला. माळ काढावी लागली तर लगेच परत घाला, नाहीतर ती जेवत नाही, आणि न जेवता इन्सुलिन देऊ नका. अंडं घातलेलं काही चालत नाही, बिस्कीटसुद्धा बघून. बेडपॅन द्यायला, स्पंजिंगला मावशी. दुखणं आण्यांत विचारा. 'बरं हाय' म्हणाली तर पुन्हा विचारा. एकादशी कधी आहे ते, तारखेसकट. शेवटी माझा नंबर. रात्रपाळीच्या मावशी तो कागद आल्या आल्या वाचायच्या. एक मामा येऊन हसत म्हणाले, "आजी, किती आणे?" वॉर्डात ते चालूनच गेलं.

गुरुवारी, २६ तारखेला संध्याकाळी, शेजारच्या बेडवर कोंढव्याच्या एक आजी होत्या, त्यांचंही खुब्याचंच ऑपरेशन झालेलं. पडद्यापलीकडं सिस्टर त्यांच्या मुलाशी बोलत होत्या. पोटाला जे इंजेक्शन देतात, पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून, ते डुकराच्या आतड्यापासून बनतं, तुम्हाला चालेल का? मुलगा म्हणाला, "मौलाना से पूछ लिया है. मजबूरी में दवा जायज़ है. दीजिए." सही झाली.

मी पडद्याच्या अलीकडं बसून मोसंबं सोलत होते. हात थांबला. सिस्टर इकडं आल्यावर विचारलं, आईला पोटाला देताय ते कुठलं? त्यांनी ट्रेमधली सिरिंज दाखवली. तेच. एनॉक्सापॅरिन, ४० मिलिग्रॅम. रविवारी रात्री एक, ऑपरेशननंतर मंगळवारी एक, बुधवारी एक. तीन देऊन झाली होती. चौथं आठ वाजता द्यायचं होतं, आणि पुढं सगळं मिळून २८ दिवस.

"हमको मुस्लिम पेशंट को पूछने को बोला है," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "वेज लिखा था आपका. मैंने खाने का समझा."

त्यांना दोष देऊ शकत नव्हते. तो शब्द मीच लिहिला होता आणि मलाही तो खाण्यापुरताच वाटला होता. डाळीत कांदा-लसूण आहे का हे विचारत मी चार दिवस किचनच्या माणसाचं डोकं खाल्लं. इंजेक्शन कशाचं आहे हे डोक्यातही आलं नाही. आता वाचून कळलं ते असं: ही औषधं हेपारिनच्या जातीची, ती डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. आपल्याकडं बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, औषधांवर तसं काही नसतं. कॅप्सूलचं कवचसुद्धा बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून केलेलं.

दादाला फोन लावला. तो गावाकडून म्हणाला, "सांगू नको तिला. झालं ते झालं. तिला काय कळणार आहे?" मलाही तेच सोपं वाटत होतं. साडेसहा वाजलेले. दीड तास काढला की चौथं इंजेक्शन, मग सोमवारी घर. घरी मीच टोचणार होते, तिला कधीच कळलं नसतं. वीस मिनिटं मी पॅसेजमध्ये पाण्याच्या मशीनजवळ उभी होते. मग रेसिडेंट दिसला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "औषध बंद करता येणार नाही, गाठ झाली तर जिवावर बेतेल. पण दुसरं देता येतं का सरांना विचारतो. तुम्ही आजींशी बोला. मी असेन शेजारी."

आईला सांगायला शब्द सापडत नव्हते. 'डुकराच्या' हे तोंडातून निघालं तेव्हा आवाज माझा मलाच परका वाटला.

आई जरा वेळ गप्प. मग, "किती झाली?"

"तीन."

"तुला ठावं हुतं?"

"आत्ता कळलं."

"बुवांला फोन लाव."

गावातले कीर्तनकार, ज्यांच्या हातून तिनं माळ घातली. स्पीकरवर लावला. बुवा अगदी मायेनं बोलले, औषधाला दोष नसतो, शरीर राखणं आधी, मनात काही आणू नका. मला हायसं वाटलं. रेसिडेंटनंही मान डोलावली. आईनं "बरं बुवा, राम कृष्ण हरी" म्हणून फोन ठेवायला लावला.

मग म्हणाली, "बुवा म्हंत्यात चालतं. बुवांचं बराबर हाय. पर मला न्हाई चालत."

रेसिडेंट समजावू लागला की दुसरं मिळालं नाही तर हेच घ्यावं लागेल. आई म्हणाली, "दुसरं नसंल तर मरायचं का मी? टोचा की. मग मी तेवढं दिस माळ काडून ठेवते. दूध-पानी घ्येते, त्येला काय हुतंय. पर माळ घालून ते न्हाई."

आदल्याच दिवशी ज्या माळेसाठी उपाशी राहिली, ती आपणहून काढायला तयार. मला हे बापजन्मात सुचलं नसतं. मी तिच्या वतीनं 'हो' म्हणाले असते तरी चुकले असते आणि 'नाही' म्हणाले असते तरी.

सर्जननी फोनवर सांगितलं, किडनीचा रिपोर्ट चांगला आहे, गोळी चालेल. आठच्या इंजेक्शनच्या जागी आठला गोळी. कपाटातून ती मिळाली नाही, खालच्या मेडिकलमधून आणली. आणि गंमत म्हणजे इंजेक्शनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली, रोज टोचणंही वाचलं. हे वाचून कुणी आपलं आपण इंजेक्शन बदलू नका. वय, वजन, किडनी, बाकीची औषधं बघून डॉक्टरच ठरवतात, आणि प्रत्येकाला गोळी चालत नाही. विचारायचं मात्र पहिल्या दिवशी, पहिली सिरिंज फोडायच्या आधी. पित्ताची कॅप्सूलही त्याच दिवशी गोळीवर आणून घेतली.

झालेल्या तीन इंजेक्शनांबद्दल आई पुन्हा बोलली नाही. शुक्रवारी दुपारी मात्र पलीकडच्या आजींना पडद्याच्या फटीतून विचारताना ऐकलं, "तुमाला इचारलं हुतं का वं, त्या सुईचं?"

त्या आजी हसल्या. "बेटे से पूछा. मेरे को कौन पूछता है बहन?"

मग दोघी बराच वेळ बोलत होत्या, एक मराठीत, एक हिंदीत.

भ्रम व्हायचा तो शुक्रवारी रात्री झाला, घाबरवण्याइतका नाही. आई उठून बसायला बघत होती, वाखरीला जायचं, रिंगण चुकेल म्हणत होती. रेसिडेंट म्हणाला, वाद घालू नका, दिवा लावा, मशीन कानात घाला, ओळखीचं काहीतरी ऐकवा. मी मोबाइलवर बारीक आवाजात हरिपाठ लावला. तिसऱ्या-चौथ्या अभंगाला ती स्वतः म्हणायला लागली आणि म्हणता म्हणता झोपली. सकाळी विचारलं तर आठवत नव्हतं.

शनिवार-रविवार फिजिओथेरपीत गेले. फिजिओथेरपिस्ट मुलगी तिशीची असेल. छापील कागद द्यायच्या आधी तिनं आईला विचारलं, "आजी, घरी दिवसभरात खाली कधी कधी बसता?" आईनं मोजून सांगितलं: देवपूजा, भाकरी, जेवण, भाजी निवडणं, दुपारी वाती वळणं, संध्याकाळी देवळात भजन, आणि परसाकडं. म्हणजे सगळं आयुष्य जमिनीवर. आणि आता मांडी निदान तीन महिने नाही, उकिडवं तर कायमचं बंद. तर दोघींनी बसून एकेक सोडवलं. देवघर टेबलावर चढवायचं. भाकरी ओट्यावर, उभ्यानं, तीही दोन महिन्यांनी. देवळात खुर्ची, पण खुर्ची कडेला नाही, टाळकऱ्यांच्या रांगेतच. कमोड खुर्चीला आई तयार नव्हती, "झोपायच्या खोलीत? इट्टलाचा फोटू हाय तितं." फोटो बाहेरच्या खोलीत हलवला. कमोड खुर्ची ३,२०० रुपये, वॉकर १,४००. दोन्ही भाड्यानंही मिळतात, हे विकत घेतल्यावर कळलं.

डिस्चार्ज ३० जून, सोमवार. सकाळी दहाला सांगितलं, बाहेर पडलो रात्री पावणेआठला. आई व्हीलचेअरवर नुसती बसून. एवढं करा, अंतिम मंजुरी यायच्या आधी पेशंटला कपडे बदलून बसवू नका. निघताना केरळच्या सिस्टरनं बेडवरचा कागद काढून परत दिला आणि म्हणाल्या, याची एक कॉपी ठेवून घेऊ का. रिकाम्या फॉर्मसारखी वापरता येईल म्हणून.

६ जुलैला आषाढी होती. याबद्दल मी आधीच आहारतज्ज्ञांना विचारून ठेवलं होतं, कारण उपास सोड म्हणण्यात अर्थ नव्हता. त्यांनी उपास नको असं म्हटलं नाही. उपासाला काय काय खाता ते विचारलं. साबुदाणा काढला, वऱ्याचे तांदूळ मोजके, सोबत शेंगदाण्याची आमटी, ताक, थोडं रताळं, दर तीन तासांनी काहीतरी. फिजिशियनशी बोलून त्या दिवसापुरता सकाळचा इन्सुलिनचा डोस कमी केला आणि ग्लुकोमीटरनं चार वेळा तपासायला सांगितलं. चारही आकडे ११८ ते १८६ च्या मध्ये राहिले. पहाटे टीव्हीवर पंढरपूरची महापूजा बघताना आई खुर्चीत हात जोडून बसली होती. मधूनच पाय खाली सरकवून मांडी घालायला बघायची. मी बोट दाखवलं की परत सरळ.

८ जुलैला टाके निघाले. गोळ्या २० जुलैच्या रात्री संपल्या, आईनं पाकीट माझ्या हातात देताना मोजून दाखवलं. ५ ऑगस्टच्या एक्स-रेत सगळं ठीक. १० ला गाडी करून गावी निघालो, पुढची सीट मागं सरकवून, खाली उशी घालून, दर तासाला थांबत. इंदापूरला चहाला थांबलो तेव्हा आईनं पिशवीतून तो बेडवरचा कागद काढला, चार घड्या पडलेला.

"ह्येच्यात त्या कोंडव्याच्या बाईचा लंबर लिवलाय मागल्या अंगाला. लावून दे. ती चालती का बघू."